दोषसंदेशाचे मूळ : मराठी शोधलेखनाच्या संगणकीय अक्षरजुळणीतील काही प्रश्न

गोषवारा : शोधनिबंध व प्रबंध यांची संगणकीय मांडणी करताना सॉफ्टवेअर जे दोषसंदेश देते, त्यांत सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष दोषाची जागा बहुधा भिन्न असतात. ही भिन्नता का निर्माण होते, देवनागरी मजकुराच्या बाबतीत ती कोणकोणती रूपे घेते आणि मूळ दोषापर्यंत कसे पोहोचावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात वर्ड व लाटेक या दोन प्रणालींच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : अक्षरजुळणी, दोषसंदेश, लाटेक, युनिकोड, देवनागरी, प्रबंधलेखन.

प्रस्तावना

हस्तलिखित छापखान्याच्या स्वाधीन केले की लेखकाचे काम संपले, अशी एके काळी स्थिती होती. खिळे जुळवण्याचे काम जुळाऱ्याचे, चुका शोधण्याचे काम मुद्रितशोधकाचे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये ज्या अहमदनगरातून सुरू झाले, त्या नगराला (२०२४ पासून अहिल्यानगर) ही श्रमविभागणी चांगलीच परिचित होती. आज जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाचा अध्यापक आपला शोधनिबंध स्वतःच टंकित करतो, स्वतःच तक्ते आखतो, अनुक्रमणिका व तळटीपा स्वतःच सांभाळतो. म्हणजे तो लेखक आहे, जुळारी आहे आणि मुद्रितशोधकही आहे. यांपैकी पहिल्या भूमिकेचे शिक्षण त्याला मिळालेले असते. उरलेल्या दोन त्याच्या वाट्याला न मागता आलेल्या आहेत.

जुळाऱ्याची चूक डोळ्यांना दिसे, कारण उलटा बसलेला खिळा उलटाच छापला जाई. संगणकीय अक्षरजुळणीत मात्र चूक आणि तिचे दृश्य रूप यांच्यामध्ये सॉफ्टवेअरचा एक पडदा असतो. त्या पडद्याआडून येणारा दोषसंदेश इंग्रजी असतो, त्रोटक असतो, आणि तो बोट दाखवतो त्या जागी पाहिले तर तेथे पुष्कळदा सर्व काही ठीक असते. परिणामी 'संगणकच बिघडला' असा निष्कर्ष काढला जातो, किंवा प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री सबंध प्रकरण पुन्हा टंकित केले जाते. ही हानी केवळ वेळेची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे आवश्यक केले. तेव्हापासून असे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात कोणालाही वाचता येतात. तेथे गेलेल्या प्रतीत अनुक्रमणिकेच्या पृष्ठांकाजागी एखादा दोषसंदेशच छापलेला असेल, किंवा शब्दांतील एखादे अक्षर सर्वत्र गळलेले असेल, तर ते वैगुण्य संशोधकाच्या नावासह कायम राहते.

संदेश एकीकडे, दोष दुसरीकडे

प्रथम सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. वर्डमध्ये सिद्ध केलेल्या प्रबंधाची छापील प्रत हाती येते आणि अनुक्रमणिकेत पृष्ठ क्रमांकाच्या जागी 'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड' हे शब्द आढळतात. पडद्यावर तर काल सगळे बरोबर दिसत होते. असे का व्हावे?

वर्डमधील अनुक्रमणिका हा साधा मजकूर नसतो. तिच्यातील प्रत्येक पृष्ठांक हे एक 'फील्ड', म्हणजे गणिताने भरली जाणारी जागा असते. त्या फील्डमध्ये 'अमुक खुणेचे पान कोणते ते येथे लिही' अशी सूचना असते आणि ती खूण वर्डने शीर्षकाभोवती अदृश्य स्वरूपात बसवलेली असते. लेखकाने शीर्षक खोडून तेच शब्द नव्याने लिहिले की डोळ्यांना फरक दिसत नाही, पण खूण नाहीशी झालेली असते. तरीही पडद्यावर जुना पृष्ठांक तसाच राहतो, कारण फील्डमधील उत्तर सतत नव्याने काढले जात नाही. छपाईपूर्वी फील्ड अद्ययावत करण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर छपाईची आज्ञा देताच सूचना पुन्हा अमलात येते, खूण सापडत नाही आणि दोषसंदेशच उत्तर म्हणून कागदावर उमटतो. दोष घडला तिसऱ्या प्रकरणात, कदाचित पंधरा दिवसांपूर्वी. संदेश उमटला अनुक्रमणिकेत, आज.

उपाय सोपा आहे. ऑल्ट व एफ९ या कळा एकत्र दाबल्या की उत्तरांऐवजी मूळ सूचना दिसू लागतात, आणि कोणती सूचना कोणत्या खुणेचा शोध घेत आहे ते कळते. त्याच कळा पुन्हा दाबल्या की पूर्वस्थिती येते. अनुक्रमणिका अद्ययावत करताना केवळ पृष्ठांक न बदलता संपूर्ण तक्ता नव्याने करण्याचा पर्याय निवडला, तर वर्ड शीर्षके पुन्हा गोळा करते आणि नव्या खुणा बसवते. मजकुरातील 'तक्ता क्र. ४ पाहा' अशा संदर्भांचे मात्र तसे होत नाही. तेथे 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असे आले, तर तो संदर्भ हातानेच पुन्हा जोडावा लागतो. छपाईला देण्यापूर्वी संपूर्ण मजकूर निवडून एफ९ दाबावे आणि नंतर 'एरर!' या शब्दाचा शोध घ्यावा. दोन मिनिटांच्या या तपासणीने नंतरची पुष्कळ नामुष्की टळते.

संदेशाची जागा आणि दोषाची जागा यांतील हे अंतर संगणकाने प्रथम निर्माण केले असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती पुढे हातोहात होत गेल्या, आणि एका लेखकूचा प्रमाद त्याच्यावरून उतरवलेल्या सर्व प्रतींत शिरला. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी पाठशुद्धी केली, तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न असाच होता. हाती असलेल्या प्रतीतील अशुद्धी ही त्या प्रतीत जन्मलेली, की मागून आलेली? पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला जे प्रश्न स्वाभाविक वाटतात, ते दोषसंदेशासमोर बसलेल्या लेखकालाही विचारता आले पाहिजेत. दोष दिसला कोठे, हे महत्त्वाचे आहेच. परंतु तो प्रथम कोठे शिरला आणि कोणत्या वाटेने येथवर आला, हे अधिक महत्त्वाचे.

लाटेकचा संदेश कसा वाचावा

गणित, भौतिकी, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना लाटेक परिचित आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक ही प्रणाली निर्माण केली व तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लाटेकची उभारणी केली. येथे लेखक साध्या मजकुरातच आज्ञा लिहितो. आज्ञा उलट्या तिरक्या रेषेने सुरू होते आणि तिचे क्षेत्र महिरपी कंसांनी निश्चित होते. टेक ही फाइल वरून खाली वाचत जाते आणि पाने घडवते. स्वतःच्या प्रणालीतील सर्व चुकांची नोंद ठेवून कनूथ यांनी ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली होती. एखाद्या ग्रंथकाराने आपले शुद्धिपत्र हाच स्वतंत्र अभ्यासविषय करावा, हे विरळाच. टेकच्या दोषसंदेशांतही तीच वृत्ती आहे. ते लांबट आणि काहीसे मिस्कील आहेत, पण वाचणाऱ्याला पुष्कळ माहिती देणारे आहेत.

अडचण अशी की ते पूर्ण वाचले जात नाहीत. उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ वाचून वाचक थांबतो. तिच्याखाली ओळीचा क्रमांक व त्या ओळीतील मजकूर दोन तुकड्यांत मोडून दाखवलेला असतो. वरच्या तुकड्यात टेकने वाचलेला भाग, खालच्या तुकड्यात वाचायचा राहिलेला भाग. हा मोड म्हणजे टेक जेथे अडखळली ती नेमकी जागा. 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' या संदेशात वरच्या तुकड्यातील शेवटची आज्ञाच अपरिचित असते. तेथे दुसरीकडे शोधण्याचे कारण नाही.

मराठी लेखकाला हा संदेश एका खास कारणाने भेटतो. झीटेक व लुआटेक या युनिकोड जाणणाऱ्या प्रणालींत देवनागरी अक्षरे ही रोमन अक्षरांप्रमाणेच 'अक्षरे' मानली जातात, म्हणून ती आज्ञेच्या नावात सामील होऊ शकतात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहितात. लाटेकचे बोधचिन्ह छापणारी आज्ञा लिहून लेखक तिला लगेच 'च्या' किंवा 'मध्ये' जोडतो, आणि टेकच्या दृष्टीने ती एक निराळीच, कधीही न ऐकलेली आज्ञा ठरते. हिंदीत परसर्ग सुटा लिहिला जात असल्यामुळे तेथे हा प्रसंग क्वचित येतो. मराठीच्या लेखनरूढीतूनच तो येथे उद्भवतो. आज्ञेनंतर उघडता व बंद असे दोन रिकामे महिरपी कंस घालून मग प्रत्यय लिहिला की प्रश्न सुटतो.

उलटपक्षी, बंद न केलेल्या कंसाच्या बाबतीत ओळीचा क्रमांक निरुपयोगी ठरतो. ठळक अक्षरांसाठी उघडलेला कंस लेखक मिटवायला विसरला, तर टेक तो मिटण्याची वाट पाहत पुढे वाचत जाते आणि फाइल संपल्यावर 'फाइल संपली, पण या आज्ञेचा मजकूर संपला नाही' अशा अर्थाचा संदेश देते. चूक बाराव्या पानावर आणि तक्रार शेवटच्या! मात्र अशा वेळी टेक 'रनअवे आर्ग्युमेंट?' असे विचारून त्याखाली त्या भरकटलेल्या मजकुराचे सुरुवातीचे शब्द छापते. क्रमांक सोडून द्यावा आणि हे शब्द फाइलमध्ये शोधावेत. जेथे ते सापडतील, त्याच्या लगेच आधी तो उघडा कंस असतो.

एका तक्त्याची कथा

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल या विषयांच्या लेखनात तालुकावार तक्ते अपरिहार्य असतात. अहमदनगर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांचा तक्ता करताना पुढील ओळी लिहिल्या आहेत असे समजू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

नेवासे & १२० & ६२% \\
शेवगाव & ११० & ५८\% \\
पाथर्डी & ९५ & ६०\% \\

तीन रकाने आहेत, प्रत्येक ओळीत रकाने वेगळे करणारी दोन चिन्हे आहेत. तरीही 'एक्स्ट्रा अलाइनमेंट टॅब' असा संदेश येतो, आणि ओळ दाखवली जाते ती शेवगावची. शेवगावची ओळ कितीही वेळा तपासली तरी तिच्यात दोष सापडणार नाही, कारण तो तेथे नाहीच. लाटेकमध्ये टक्केचिन्हाचा अर्थ 'येथून ओळीच्या शेवटापर्यंतचे काही वाचू नये' असा आहे. शेवगाव व पाथर्डीच्या ओळींत त्या चिन्हापूर्वी तिरकी रेषा घालून त्याचा विशेष अर्थ काढून टाकला आहे. नेवाशाच्या ओळीत ते राहून गेले. त्यामुळे ६२ या आकड्यानंतरचे सर्व दुर्लक्षिले गेले आणि ओळ संपल्याची खूण असलेल्या दोन तिरक्या रेषाही त्यात गेल्या. नेवाशाची ओळ संपलीच नाही. 'शेवगाव' हा शब्द तिच्याच तिसऱ्या रकान्यात जाऊन '६२शेवगाव' असे झाले. त्यापुढील विभाजक चिन्ह आले तेव्हा टेकने चौथा रकाना कोणता, असे रास्तपणे विचारले. वापरकर्त्याने एन्टर दाबून पुढे जायचे ठरवले, तर टेक त्या चिन्हालाच ओळीचा शेवट मानते, आणि शेवगावचे ११० व ५८ हे आकडे तालुक्याच्या नावाशिवाय पहिल्या दोन रकान्यांत सरकतात.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की तक्त्यातील दोषासाठी संदेशातील ओळीच्या आधीची ओळ प्रथम पाहावी. दुसरी अधिक गंभीर आहे. हेच टक्केचिन्ह साध्या परिच्छेदात आले असते, तर कोणताही संदेश आला नसता. 'उत्तरदात्यांपैकी ६२% शेतकरी' असे लिहिले आणि ओळीचा उरलेला भाग गेला, तरी टेकच्या दृष्टीने सर्व काही नियमानुसार आहे. सर्वेक्षणावर आधारलेल्या निबंधात टक्केवारी पानोपानी असते. तेव्हा फाइलमधील टक्केचिन्हे एकेक करून तपासणे हे कंटाळवाणे काम टाळू नये.

जुन्या फाँटचा वारसा

युनिकोडपूर्व काळात मराठी टंकलेखनासाठी जे फाँट प्रचलित झाले, त्यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरे व चिन्हे यांचाच असे. केवळ त्या चिन्हांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. आपल्या महाविद्यालयांतील पुष्कळ जुने लेखन अद्याप त्या स्वरूपात आहे आणि ते नव्या निबंधात जसेच्या तसे उचलण्याचा मोह होतो. कृतिदेव या फाँटमध्ये अर्धा 'क्ष' उघडत्या महिरपी कंसाच्या जागी बसवलेला आहे. म्हणजे 'शिक्षण' या शब्दाच्या पोटात एक कंस असतो आणि तो लाटेकच्या फाइलमध्ये गेला की एक गट उघडतो. मिटवणारे कोणी नसल्यास प्रत्येक 'शिक्षण'गणिक एक गट वाढत जातो. छापील शब्दातून 'क्ष' नाहीसा होतो व मागे नुसता काना उरतो. गट २५५ पातळ्यांपर्यंतच वाढू शकतात. त्यापुढे 'टेक कपॅसिटी एक्सीडेड, सॉरी' असे म्हणून काम थांबते. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात ही मर्यादा गाठायला वेळ लागणार नाही. त्याहून छोट्या निबंधात काम पूर्ण होते, केवळ लॉग फाइलच्या शेवटी 'अमुक पातळीच्या गटात असतानाच शेवट आला' अशी नोंद राहते आणि तिच्याखाली प्रत्येक गट कोणत्या ओळीवर उघडला तेही लिहिलेले असते. ही यादी सर्वांत मौल्यवान, आणि सर्वांत कमी वाचली जाणारी.

अशा मजकुराचे रूपांतर आधी युनिकोडमध्ये करावे, मगच तो लाटेकच्या हाती द्यावा. एकेक चिन्ह दुरुस्त करत बसणे हा कालापव्यय आहे. फ्रान्स वेल्थुइस यांच्या १९९१च्या देवनागरी संचात रोमन लिप्यंतर केलेली फाइल आधी एका पूर्वप्रक्रियेतून जात असे आणि टेकला तिच्यापासून तयार झालेली दुसरीच फाइल मिळे. त्यामुळे संदेशातील ओळीचा क्रमांक त्या दुसऱ्या फाइलचा असे. आजही कोणी जुने लेखन त्या संचातून काढत असेल, तर क्रमांक कोणत्या फाइलचा आहे हे त्याने प्रथम पाहावे.

न बोलणारे दोष

पीडीएफलाटेक या जुन्या प्रणालीत देवनागरी अक्षर तसेच लिहिले, तर 'युनिकोड कॅरेक्टर... नॉट सेट अप' असे ती स्पष्ट सांगते आणि त्या अक्षराचा क्रमांकही देते. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी प्रसिद्ध केलेली झीटेक व तिच्यानंतरची लुआटेक या देवनागरीसाठी निःसंशय अधिक समर्थ आहेत, परंतु त्या अधिक मितभाषीही आहेत. निवडलेल्या फाँटमध्ये एखादे अक्षर नसेल, तर त्या जागी मोकळी जागा किंवा रिकामी चौकट येते, काम थांबत नाही. 'मिसिंग कॅरेक्टर' ही नोंद लॉग फाइलमध्ये होते, आणि ती फाइल उघडण्याची सवय फारच थोड्यांना असते.

याचे मराठीतील ठळक उदाहरण 'ॲ' हे होय. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये समाविष्ट झाले. तत्पूर्वी घडवलेल्या फाँटमध्ये ते असण्याचे कारण नाही. असा फाँट निवडला तर 'ॲक्ट'चे 'क्ट' आणि 'ॲड.'चे 'ड.' होते. विधी शाखेच्या अध्यापकाने याची कल्पना करून पाहावी. २०२१ पासून टेकच्या प्रचलित प्रणालींत 'ट्रेसिंग-लॉस्ट-कॅर्स' या परिमाणाला ३ हे मूल्य दिले, तर अक्षर गळणे हा पूर्ण दोष मानला जातो व काम थांबते. मराठी लेखनाच्या प्रत्येक फाइलच्या आरंभी ही ओळ असावी असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. मूक दोषापेक्षा त्रासदायक संदेश केव्हाही पत्करला.

फाँट निवडताना लिपी देवनागरी असल्याचे सांगायचे राहिले, तर काय होते? अक्षरे सर्व उमटतात, पण जोडाक्षरे बनत नाहीत आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या पुढे जाऊन बसतो. येथे लॉग फाइलही काही बोलत नाही, कारण गळालेले असे काहीच नसते. लुआलाटेकमध्ये याशिवाय हार्फबझ हा आकृतिजनक निवडावा लागतो. भाषा मराठी असल्याचे सांगितले, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तेथे 'ल' व 'श' यांची मराठी वळणाची रूपे मिळतात.

दिसायला एक, असायला दोन अशा लेखनरूपांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. 'दऱ्या', 'वाऱ्याचा', 'शेतकऱ्यांचे' या शब्दांतील रफार-सदृश अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ व हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. 'ॲ'चेही तसेच. तो एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, तसाच अ व त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. कागदावर फरक शून्य. परंतु तक्त्याला खूणनाव देताना 'शेतकऱ्यांचे-उत्पन्न' एका प्रकारे लिहिले आणि संदर्भ देताना, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रकारे, तर लाटेकला ती दोन वेगळी नावे वाटतात. 'रेफरन्स अनडिफाइन्ड' अशी सूचना येते व छापील मजकुरात दोन ठळक प्रश्नचिन्हे उमटतात. लेखक दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहतो, ती तंतोतंत एक दिसतात, आणि तो हतबुद्ध होतो. संपादनसॉफ्टवेअरच्या शोधसुविधेत एक नाव चिकटवून दुसरे सापडते का ते पाहणे, ही याची सोपी कसोटी आहे. खूणनावे व संदर्भग्रंथांच्या किल्ल्या रोमन लिपीतच ठेवणे हा कायमचा उपाय. त्या छापल्या जात नाहीत, म्हणून तेथे भाषाभिमानाचा प्रश्न उद्भवत नाही. विषयसूचीत मात्र हा बचाव चालत नाही. तेथे 'ॲ'ने सुरू होणारा एकच शब्द दोन ठिकाणी विभागला जाऊ शकतो, आणि त्यावर लेखनाचा एकच प्रकार कटाक्षाने पाळणे एवढेच करता येते.

निम्म्याने शोध

संदेशातून काहीच उमगत नसेल, तर फाइलचा निम्मा भाग बाजूला काढून उरलेला चालवून पाहावा. दोष नाहीसा झाला तर तो काढलेल्या भागात आहे, राहिला तर ठेवलेल्या भागात. २४० पानांचा प्रबंध असला तरी आठ वेळा निम्मे केले की एका पानावर येऊन पोहोचता येते. पानापाठोपाठ पान वाचत जाणाऱ्याला हे खरे वाटत नाही, करून पाहिल्यावर वाटते. निम्मे करताना सुरुवात व शेवट यांच्या जोड्या तुटणार नाहीत एवढी काळजी घ्यावी. तक्त्याचा आरंभ एका भागात आणि शेवट दुसऱ्या भागात राहिला, तर आपण स्वतःच नवा दोष निर्माण करतो. प्रकरणे स्वतंत्र फाइलींत ठेवली असतील तर हे काम फार सुकर होते. मूळ फाइलीची प्रत राखून ठेवावी, हे सांगणे न लगे.

प्रत्येक वेळी केवळ पहिला संदेश विचारात घ्यावा. तक्त्याच्या उदाहरणात दिसले त्याप्रमाणे एक दोष पुढील ओळींचा तोल बिघडवतो आणि त्यातून संदेशांची रांग लागते. पहिला दूर करून पुन्हा चालवल्यावर उरलेले पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात. चाळीस संदेश पाहून घाबरण्याचे कारण नाही, आणि ते एकदम सोडवायला बसण्याचेही नाही.

येथे एक चकवा आहे. लाटेक अनुक्रमणिका, संदर्भ इत्यादींची माहिती साहाय्यक फाइलींत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी ती वाचते. शीर्षकात काही सदोष लिहिले गेले असेल, तर ते अनुक्रमणिकेच्या साहाय्यक फाइलीत उतरते. पुढच्या वेळी संदेश येतो तो त्या फाइलीतील ओळीचा, आणि लेखक आपल्या मूळ फाइलीतील त्या क्रमांकाची ओळ न्याहाळत बसतो. लॉगमध्ये उघडलेल्या प्रत्येक फाइलीचे नाव कंसात दिलेले असते. संदेशाच्या आधीचा, अद्याप न मिटलेला शेवटचा कंस कोणत्या फाइलीचा आहे ते पाहिले की उलगडा होतो. शिवाय शीर्षक दुरुस्त केल्यावरही जुना दोष साहाय्यक फाइलीत शिल्लक असू शकतो, म्हणून त्या फाइली काढून टाकूनच पुन्हा चालवावे. त्या नव्याने तयार होतात, काही नष्ट होत नाही. वर्डमधील अनुक्रमणिकेचा दोष आणि हा दोष यांची जातकुळी एकच असल्याचे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

घरच्या संगणकावर चालणारी फाइल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चालत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तेथे बहुधा 'फाँट सापडत नाही' असा सरळ संदेश असतो आणि तो खराच असतो. फाँटची फाइल प्रबंधाच्या फाइलींसोबतच ठेवावी व तिचाच उल्लेख करावा. परवाना मुक्त असलेले देवनागरी फाँट आता पुरेसे उपलब्ध असल्याने यात अडचण येऊ नये.

इतरांची मदत घ्यायची असल्यास संपूर्ण प्रबंध पाठवू नये. दोष कायम राहील इतपतच लहान फाइल करून, पहिला संदेश व लॉग फाइल तिच्यासह पाठवावी. संदेशाचे छायाचित्र पाठवण्याची प्रथा अलीकडे रूढ झाली आहे, ती सोडलेली बरी. छायाचित्रातील 'शेतकऱ्यांचे' कोणत्या प्रकारच्या र ने लिहिले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. अंतिम पीडीएफ जमा करण्यापूर्वी तिच्यात 'ॲ', 'ऱ्या', 'ळ', 'क्ष' असलेले चार-पाच शब्द शोधसुविधेने शोधून पाहावेत आणि लॉग फाइलमध्ये 'मिसिंग' व 'अनडिफाइन्ड' हे दोन शब्द आढळतात का ते तपासावे.